तीन दशांश मिलिमीटर

स्फोटाची बातमी तस्नीमनं मला वर्कशॉपच्या दारातूनच ओरडून सांगितली. "काका, सापडला! एक्केचाळीस सेकंद! आपल्या डब्यानं पकडला!"

मी लेथवर होतो. मशीन बंद केलं, हात पुसले आणि विचारलं, "कुकर की चक?"

"चक," ती म्हणाली आणि रडायला लागली.

माझा कामातला तीस वर्षांपासूनचा जोडीदार भूपाल मगदूम मिलिंग मशीनवरून वळला. "अगं, बाईंचं खरं ठरलं तर रडतीस कशाला? पेढे आण की."

बाई म्हणजे माझी बायको, डॉ. वैजयंता चौगुले. कोल्हापुरातलं आमचं अवकाश-उपकरण केंद्र तिनं उभं केलं. मी त्याच केंद्रात फिटर. माझं शिक्षण आयटीआय. लग्न झालं तेव्हा तिच्या कॉलेजात आणि माझ्या उद्यमनगरच्या कारखान्यांत लोक सारखंच विचारायचे, की हे जमलं कसं. ती सांगायची, "मी ड्रॉइंग घेऊन गेले होते. ड्रॉइंगमध्ये चूक होती. यांनी ती दाखवली आणि वर हसले." तस्नीम मुजावर तिची शेवटची विद्यार्थिनी. वैजयंता गेल्यापासून केंद्राचं काम तीच बघते.

वैजयंताला जाऊन दोन वर्षं झाली. घरात तिची पुस्तकं आहेत, पण मला जास्त त्रास देतात ती माझी जॉब कार्डं, केलेल्या कामाची मापं लिहिलेली. तिला कोरा कागद कधी सापडायचा नाही. ती माझी जुनी जॉब कार्डं उलटी करून त्यांवर गणितं करायची. आता एखादं जुनं माप बघायला कार्ड काढावं, तर मागच्या बाजूला तिचं अक्षर असतं. माप बघायचं राहून जातं.

कुकर आणि चक म्हणजे काय, ते सांगतो. मला ज्या बाईनं समजावलं तिनं ते फिटरला समजेल असंच समजावलं होतं.

सूर्याच्या तीस-चाळीस पट मोठा तारा म्हातारा झाला की त्याचं इंधन संपतं. गाभा स्वतःच्याच वजनानं आत कोसळतो आणि तिथं कृष्णविवर तयार होतं. तारा फिरत असतो, त्यामुळे भोवतालचा माल सरळ आत पडत नाही. मोरीच्या जाळीपाशी पाणी गोल फिरत जातं, तसा तो तबकडी करून फिरत राहतो. आणि त्या तबकडीच्या मधोमध, वर एक आणि खाली एक, असे दोन झोत सुटतात. वेग जवळजवळ प्रकाशाएवढा. ते ताऱ्याचं अंग फोडून बाहेर येतात. त्यातला एक नेमका आपल्याकडे रोखलेला असला तर आपल्याला गॅमा किरणांचा स्फोट दिसतो. आपला सूर्य सगळ्या आयुष्यात देईल तेवढी ऊर्जा असा स्फोट काही सेकंदांत फेकतो.

प्रश्न असा, की जी जागा सगळं आत ओढते तिथूनच झोत बाहेर कसा सुटतो?

एक गट म्हणतो, उष्णतेनं. तबकडी इतकी तापते की तिच्यातून निघालेले न्यूट्रिनो नावाचे कण विवराच्या डोक्यावर एकमेकांवर आदळतात, तिथं आगीचा गोळा होतो आणि बाजूनं ताऱ्याचा दाब असल्यामुळे तो वरच्या वाटेनं शिट्टीसारखा सुटतो. हा झाला कुकर.

वैजयंता दुसऱ्या गटातली. तिनं मला लेथसमोर, काम पकडून गरगर फिरणाऱ्या चकपाशी उभं करून विचारलं होतं, "चौगुले, चकमध्ये सुताची चिंधी अडकली तर काय होतं?"

"बोट जातं."

"चिंधीचं काय होतं?"

"पीळ बसतो."

"बसतच गेला तर?"

"घट्ट होत होत जागा मिळेल तिकडं सरकते."

"मग झालं तर. फिरणारं विवर हा चक. चुंबकीय रेषा ही चिंधी. एक टोक विवरात अडकलेलं, दुसरं बाहेर. विवर सेकंदाला शेकडो वेळा फिरतंय, रेषांना पीळ बसतोय, बाजूला जागा नाही. मग तो पीळ अक्षाच्या दिशेनं वर ढकलला जातो आणि मालही सोबत नेतो. सगळा जोर विवराच्या फिरण्यातून येतो."

त्या दिवसापासून केंद्रात दोन्ही गटांना तीच नावं पडली. चहाच्या वेळी लोक एकमेकांना विचारायचे, "तुम्ही कुकरवाले का चकवाले?"

यातलं खरं कुठलं हे ठरवायला तिनं उपग्रहावर बसवायचा एक डबा बांधायला घेतला. प्रकाश ही थरथर आहे. दोरीचं टोक धरून हात वरखाली हलवला तर दोरी वरखाली थरथरते, आडवा हलवला तर आडवी. झोतात चुंबकीय रेषा विंचरल्यासारख्या एका वळणाच्या असतील तर बहुतेक गॅमा किरण एकाच दिशेनं थरथरतील. नुसती आग असेल तर वाटेल त्या दिशेनं.

डब्यात मधे प्लॅस्टिकच्या चौसष्ट कांड्यांचा ठोकळा आणि त्याच्या चारही बाजूंना स्फटिकाच्या चार भिंती. गॅमा किरण कांडीवर आपटतो, उडतो आणि एका भिंतीत जाऊन थांबतो. थरथरीच्या आडव्या अंगाला तो जास्त उडतो. म्हणजे कुठल्या भिंतीत किती किरण गेले ते मोजायचं. चारही सारखे भरले तर कुकर. समोरासमोरच्या दोन भिंती जास्त भरल्या तर चक. त्यावरून किती टक्के किरण एकाच दिशेनं थरथरतायत तो आकडा निघतो; तो दहाच्या खाली आला तर कुकरवाले जिंकले, चाळीसच्या वर आला तर आम्ही.

आकडा आला अठ्ठावन्न.

महिनाभरात सगळं बदललं. झोत तयार होण्याच्या या रीतीला 'चौगुले पीळ' म्हणावं असं चार देशांच्या लोकांनी सुचवलं. पुढचा उपग्रह, बारा डब्यांचा, याच आकड्यावर मंजूर होणार होता आणि त्याचं नाव 'वैजयंता' ठरलं होतं. बँकेतल्या बाई मला म्हणाल्या, "तुम्ही त्या पिळाचे चौगुले का?" मी हो म्हणालो. तेव्हा माझी मान किती ताठ झाली ते मलाच जाणवलं. खोटं कशाला सांगू, दोन वर्षांत मी पहिल्यांदा जेवणाची चव घेतली.

जाहीर कार्यक्रमाला पंधरा दिवस असताना तस्नीम म्हणाली, "काका, वर पाठवला त्याचा जुळा डबा कपाटात आहे ना? हॉलमध्ये ठेवू. लोकांना आत बघता यायला हवं. तुम्ही आणि मगदूमकाका तो उघडून साफ कराल?"

आम्ही तो बाकावर घेतला. झाकण काढलं. तस्नीमनं खडू घेतला आणि आम्हाला दाखवायला कडेवर बाण काढले. "हे बघा, या वरच्या आणि खालच्या भिंतीत जास्त किरण आले. डाव्या-उजव्या भिंतीत कमी. म्हणून अठ्ठावन्न."

"झकास," भूपाल म्हणाला.

मी डाव्या भिंतीलगतच्या फटीवरून नख फिरवलं. फट रिकामी होती. वर गेलेल्या डब्यात ती रिकामी नव्हती.

उपग्रहावर जाणाऱ्या वस्तूला आधी शेक टेबलवर ठेवून जोरात हलवतात, रॉकेटच्या धक्क्यात टिकेल का ते बघायला. पाच वर्षांपूर्वी आमचा डबा त्या टेबलवरून उतरला तेव्हा मधला ठोकळा खडखडत होता. डाव्या-उजव्या अंगाला केसभर फट पडली होती. दुसऱ्या दिवशी डबा न्यायला गाडी येणार होती. फिटर अशा वेळी काय करतो? शिम घालतो. शिम म्हणजे पातळ पत्र्याची पट्टी, फट भरायला. मी पितळेचा पत्रा घेतला, दोन पट्ट्या कापल्या, डावीकडे एक, उजवीकडे एक. खडखड बंद. वैजयंतानं डब्याला कान लावला आणि म्हणाली, "झोपलं बाळ. काय केलंत?"

"घट्ट केला," मी म्हणालो.

खोटं बोललो नाही. पण शिम घातली असंही बोललो नाही. आमच्याकडे शिम कोणी ड्रॉइंगवर दाखवत नाही. उलट ड्रॉइंगप्रमाणे काम झालं नाही आणि शिम घालावी लागली, याची फिटरला थोडी लाज असते. ती घालायची आणि गप्प बसायचं, ही आमची रीत.

पितळ गॅमा किरण खातं. कांडीवरून उडून डावीकडे-उजवीकडे निघालेले किरण माझ्या पट्टीत अडले असणार. म्हणून त्या भिंती कमी भरल्या. वरखालच्या भिंतींना पट्टी नव्हती.

तस्नीम गेल्यावर मी भूपालला सांगितलं. तो फडक्यानं हात पुसत जवळ आला.

"किती जाड?"

"तीन दशांश मिलिमीटर."

"एवढ्याशानं काय होतंय?"

"तिला विचारायला पायजे होतं."

"बज्या, माझं ऐक. ते सहाशे किलोमीटर वर फिरतंय. कोण स्पॅनर घेऊन जाणार हाय वर? तुला ठाऊक, मला ठाऊक. मी काय बोलतोय होय?"

"आणि खोटं असलं तर?"

"आणि खरंच असलं तर? बाई कधी चुकल्या काय? तू उगा बोलायचास, आणि त्यांचं नाव पुसलं जायचं. तुझ्याच हातानं. जमंल तुला?"

दुपारी मी सुट्टी टाकून घरी गेलो आणि कपाटातली कार्डं काढली. मनात एकच होतं. चारही भिंती सारख्या भरतात का, ही वैजयंताची प्रयोगशाळेतली तपासणी शिम घातल्यावर झाली असेल, तर पितळ आपोआप त्यात धरलं गेलं असेल आणि मग काळजी नाही. मी देवाला हेच मागत होतो.

कार्ड सापडलं. पुढच्या बाजूला माझं अक्षर: 'ठोकळा बसवला.' आणि खाली नंतर घातलेली ओळ: 'चौदा तारीख. खडखड बंद.' मागच्या बाजूला तिचं. चार भिंतींचे चार आकडे, खाली तारीख अकरा, आणि पुढे लिहिलं होतं: 'चारही बाजू सारख्या. अर्ध्या टक्क्याचाही फरक नाही. शाबास चौगुले!'

अकरा तारखेला चारही बाजू सारख्या होत्या. चौदा तारखेला मी त्या बिघडवल्या.

मी ते कार्ड हातात घेऊन जमिनीवर बसून राहिलो. ते फाडून टाकायचं मनात आलं, हे लिहितो, कारण आलं होतं. पण त्या चार आकड्यांसाठी ती सोळा दिवस प्रयोगशाळेत उभी होती, पाय सुजेपर्यंत. पहिल्या वेळी दोन टक्के फरक आला म्हणून तिनं माझ्याकडून सगळ्या कांड्या परत घासून घेतल्या होत्या. मी चिडलो होतो. म्हणालो होतो, "दोन टक्क्यांनी कुणाचं काय अडणार आहे?" ती म्हणाली होती, "माझं अडेल. आकडा मला आवडणारा आला, की मी तो तपासणार नाही. म्हणून आधीच तपासून ठेवते."

मी तोंड धुतलं आणि केंद्रात परत गेलो.

तस्नीम भाषणाची तयारी करत होती. मी कार्ड तिच्यासमोर ठेवलं आणि सगळं सांगितलं. तिचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

"काका, लिहून का नाही ठेवलंत?"

"शिम कोण लिहितं?"

"कोण लिहितं म्हणजे? तुम्ही लिहायचं! साठ लोकांनी पाच वर्षं त्यावर काम केलं!" ती उठली, खिडकीपाशी गेली, परत आली. मग आवाज उतरवून म्हणाली, "तुम्हाला नक्की आठवतंय का? पाच वर्षं झाली. कदाचित नंतर काढली असेल."

मला कळलं, ती मला वाट देत होती. मी 'असेल' म्हणालो असतो तर दोघंही सुटलो असतो.

"मी घातलेली वस्तू मी विसरत नाही."

"काका, बाईंचं नाव आहे त्यावर."

"म्हणूनच आलोय. माझं असतं तर कदाचित आलोही नसतो."

ती खाली बसली. थोड्या वेळानं नाक पुसून म्हणाली, "तो पत्रा अजून आहे?"

पत्रा होता. माझ्या ड्रॉवरमध्ये, कागदात गुंडाळलेला. भूपालनं मायक्रोमीटर पुढे केला. दहा ठिकाणी मोजला: तीन दशांश, कुठंही केसाचा फरक नाही. मी त्याच्यातून तशाच दोन पट्ट्या कापल्या. एका कोपऱ्याला वायर जाते म्हणून मी तेव्हा छोटी खाच दिली होती, तीही दिली. जुळ्या डब्यात दोन्ही बसवल्या. आता तो वर फिरणाऱ्या डब्यासारखाच झाला.

मग नऊ दिवस आम्ही त्यावर किरण सोडले. आधी वाटेल त्या दिशेनं थरथरणारे, मग एका दिशेनं थरथरणारे. वैजयंतानं केलं होतं तसंच, त्याच क्रमानं, तिच्याच वहीतून. तस्नीम आकडे वाचायची, भूपाल लिहायचा, मी डबा फिरवायचा. मधेच भूपाल म्हणायचा, "बाई असत्या तर आपल्या दोघांना कान धरून उभं केलं असतं." पण तोच सगळ्यात जास्त वेळ थांबायचा.

दहाव्या दिवशी तस्नीमनं पितळाचा परिणाम वजा करून मूळ स्फोटाचा आकडा पुन्हा काढला.

तेवीस. नऊनं इकडे किंवा तिकडे.

कुकरच्या दहापेक्षा जास्त, चकच्या चाळीसपेक्षा कमी. म्हणजे काहीच ठरलं नाही.

जाहीर कार्यक्रम रद्द करायचा असं सगळे म्हणाले. तस्नीम नाही म्हणाली. "अठ्ठावन्न सांगायला लोकांना बोलावलं होतं, तर तेवीसही त्यांनाच सांगू." हॉलमध्ये दीडशे माणसं होती आणि पडद्यावर बाहेरच्या देशांची. तस्नीम सरळ उभी राहिली आणि पहिल्याच वाक्यात तिनं सांगितलं, की आमचा आधीचा निष्कर्ष आम्ही मागे घेत आहोत. मग चूक कशी झाली ते सांगितलं आणि मला पुढे बोलावलं. मी स्वच्छ शर्ट घातला होता, पण नखांत काळं होतंच.

पडद्यावर कुकरवाल्यांचे मोठे प्रोफेसर होते, लिंडक्विस्ट नावाचे. वैजयंताशी त्यांचं वीस वर्षं जोरात भांडण चालायचं, आणि दिवाळीला त्यांचं पत्र यायचं. त्यांनी विचारलं. तस्नीमनं मराठीत सांगितलं, "ते म्हणतायत, पाच वर्षांपूर्वीची पट्टी किती जाड होती हे एका माणसाच्या आठवणीवर कसं मानायचं?"

"मानू नका म्हणावं," मी म्हणालो. "त्याच पत्र्याचा तुकडा पाठवतो. मोजून घ्या. आणि माझ्या बायकोचं कार्डही पाठवतो, तारीख बघून घ्या. फक्त ते परत पाठवा."

तस्नीमनं भाषांतर केलं. प्रोफेसरांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "तुकडा पाठवा. कार्डाचा फोटो चालेल. ते तुमच्याकडेच असू द्या."

'चौगुले पीळ' हे नाव कागदांवरून निघालं. बारा डब्यांचा उपग्रह रद्द झाला नाही, कारण प्रश्न सुटलेला नव्हता. फक्त त्याचं नाव आता वैजयंता नाही, नुसता क्रमांक आहे. नाव निघालं त्या दिवशी मला वाईट वाटलं. अजूनही वाटतं.

चूक सांगणारा निबंध छापायला जाताना तस्नीमनं मला बोलावलं. "काका, तुमचं नाव घालतेय. पदाच्या जागी काय लिहू? तांत्रिक सल्लागार?"

"फिटर लिही."

निबंध पाच पानांचा आहे. पहिलं नाव वैजयंताचं, कारण डबा आणि मोजायची रीत तिची. दुसरं तस्नीमचं. तिसरं बजरंग चौगुले, फिटर. लग्नाच्या पत्रिकेनंतर आमची दोघांची नावं एका कागदावर छापली गेली, ती हीच वेळ.

छापील प्रत आली त्या दिवशी मी ती शर्टाच्या खिशात घालून चहाला निघालो. भूपाल मागून आला.

"बज्या, एक सांग. शेवटी बाई चुकल्या का बरोबर?"

"अजून ठरलं नाही."

"कधी ठरणार?"

"बारा डबे वर गेले, चारदोन चांगले स्फोट सापडले, की. सहा-सात वर्षं."

"तवर आपण असू काय रे?"

"नसलो तर नसलो."

तो थांबला आणि मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाला, "मग कागदावरनं नाव गेलं, काय ठरलं न्हाई, आणि तू छाती काढून कुठं निघालायस?"

"तिचा प्रश्न अजून तिच्याच मापानं मोजतायत," मी म्हणालो. "उद्या ती बरोबर निघाली, तर कुणी म्हणायचं नाही, की फिटर नवऱ्याच्या पत्र्यानं बरोबर निघाली. चल, चहा सांग. आज साखर जास्त."